थुंकीची नळी, सात महिने आणि सासूबाईंचे वडील

घरी मागवायची डीएनए चाचणी घेऊन सात महिने झाले. घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा.

माझ्या सासूबाई स्कॉटलंडच्या, फाइफमधल्या. जन्म १९४२चा, दाखल्यावर वडिलांचा रकाना कोरा. त्यांची आई एवढंच सांगायची, "पोलिश होता, नाचायचा छान." १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर हजारो पोलिश सैनिक ब्रिटनला आले आणि त्यातले कितीतरी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर पहाऱ्याला होते. शोधायचं कुणाला?

नमुन्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. त्र्याऐंशीच्या बाईचं तोंड कोरडं, त्यात सकाळचा चहा अडलेला. रेघेपर्यंत लाळ काही येईना. शेवटी मी समोर बसून लिंबू कापलं, तेव्हा कुठे नळी भरली.

निकालात 'पूर्व युरोप ४७ टक्के'. त्याचं काय लोणचं घालायचं? खरी किंमत जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीची. पहिले तीन महिने त्यात निव्वळ लांबचे अमेरिकन, पहिल्या महायुद्धाआधीच गाव सोडलेल्यांची पतवंडं. चौथ्या महिन्यात शिकागोची एक बाई उगवली, ४३१ सेंटीमॉर्गन! (दोघांचा डीएनए किती जुळतो, ते मोजायचं हे माप.) हा आकडा चुलत भावंडाच्या मुलीला शोभणारा. उत्तर द्यायला तिने सहा आठवडे घेतले, पण आजोबांचे दोन भाऊ पोलिश सैन्यात होते हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोघांचे जन्म पोलंडच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींच्या 'गेनेटेका' या फुकट सूचीत सापडले.

इथे चाचणी संपते. दोघांतला कोण, हे लाळ सांगत नाही. ते सांगितलं लष्करी सेवानोंदींनी. एक भाऊ जनरल अँडर्स यांच्या, रशियात उभारलेल्या पोलिश सैन्यातून इटलीमार्गे थेट १९४६ ला ब्रिटनमध्ये पोचला, म्हणजे तो बाद. (याच सैन्याबरोबर रशियातून सुटलेली काही बायका-मुलं पुढे आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली.) दुसरा १९४१ मध्ये फाइफमध्येच होता.

त्याच्या नोंदीत 'विवाहित' लिहिलंय. सासूबाईंनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "आईला माहीत असेल का गं?"

कंपनीने वंशावळीची वर्गणी न विचारता पुढे चालू केली, पैसे परत मिळवायला तीन मेल लागले. म्हणून पाचपैकी साडेतीन. पोलंडमधल्या त्याच्या मुलांना लिहायचं की नाही, यावर घरी अजून रोज वाद चालू आहे.