तरंग संचार पोर्टल: टॉवरची शंका असेल तर आधी इथे बघा

गच्चीवर टॉवर येणार म्हटलं की सोसायटीत पहिला वाद रेडिएशनचाच होतो, त्यासाठी दूरसंचार विभागाचं हे पोर्टल खरंच कामाचं आहे, नकाशावर आपला एरिया काढला की जवळपासचे टॉवर दिसतात आणि रेडिएशन नियमात बसतं का तेही कळतं. आपल्याकडे २०१२ मध्ये रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली होती, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तरी खात्री नसेल तर ४००० रुपये भरून मोजणी करून घेता येते, चार-पाच घरांनी मिळून भरले तर जड नाही जात. मला हीच सोय सगळ्यात आवडली. फक्त बांधकाम परवानगी, गच्ची तेवढं वजन पेलेल का, हे मात्र पालिकेत जाऊनच विचारायचं.