आठ महिने हर्बल चहा: काय टिकलं, काय बदललं

गेले आठ महिने मी रोज हर्बल चहा पितेय: लाल अंबाडी (हिबिस्कस), कॅमोमाइल आणि पेपरमिंट. पाकिटांवर सगळ्यांना सरसकट ‘डिटॉक्स’ म्हणतात, ते मला पटत नाही. प्रत्येकातलं द्रव्य वेगळं, कामही वेगळं.

सगळ्यात जीव जडला तो अंबाडीवर. तिचा गडद लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. कपात चिमूटभर खायचा सोडा टाकला की डोळ्यांदेखत निळसर पडतो. २०१० साली अमेरिकेत ६५ जणांवर झालेल्या चाचणीत रोज तीन कप, सहा आठवडे प्यायल्यावर वरचं बीपी सरासरी ७ अंकांनी उतरलं होतं. माझं १३८ च्या आसपास असायचं, आता १३० च्या आत-बाहेर असतं. पण याच काळात मी चालायलाही लागले, त्यामुळे सगळं श्रेय चहाला देणार नाही. मिश्रण घेणार असाल तर त्यात ज्येष्ठमध आहे का ते आधी वाचा. त्यातलं ग्लिसरायझिन उलट बीपी वाढवतं.

कॅमोमाइलमधलं एपिजेनिन मेंदूत झोपेच्या काही गोळ्यांच्याच जागी चिकटतं, पण कपात ते फारच थोडं उतरतं. मला झोप जरा लवकर लागते, पहाटे तीनची जाग मात्र तशीच आहे. दहा मिनिटं झाकण ठेवूनच मुरू द्या. झाकणाखाली जमलेले थेंब हुंगून बघा, सगळा सुगंध तिथे असतो; ते परत कपातच निथळवायचे. शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

पेपरमिंटने पोटफुगी खरंच कमी झाली. त्यातलं मेंथॉल आतड्याचे स्नायू सैल करतं. मात्र अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडपही तेच सैल करतं, हे मला रात्री जेवून आडवं झाल्यावर छातीत जळजळायला लागलं तेव्हा समजलं. दोन आठवडे मी उगाच जेवणाला दोष देत होते. आता तो कप चार वाजता घेते.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. या चहांमधली पॉलिफेनॉल्स नावाची द्रव्यं वनस्पतीजन्य अन्नातलं आणि गोळ्यांतलं लोह धरून ठेवतात. १९९९ च्या एका अभ्यासात पेपरमिंट चहाने लोहाचं शोषण ८४ टक्क्यांनी घटलं होतं, कॅमोमाइलने ४७. मी तर लोहाची गोळीच चहाच्या घोटाबरोबर घेत होते! डॉक्टरांनी विचारलं म्हणून लक्षात आलं. आता गोळी सकाळी साध्या पाण्याबरोबर, आणि पहिला कप त्यानंतर दोन तासांनी.