पॉयरो: खुनी पाठ असला तरी परत लावावी अशी सिरीज

आधीच सांगते, 'अगाथा ख्रिस्तीज पॉयरो' ही अगाथा ख्रिस्तीच्या बेल्जियन डिटेक्टिव्हवरची ब्रिटिश टीव्ही सिरीज नुसतं खुनी कोण हे शोधायला म्हणून लावलीत तर निम्मी मजा हुकेल. मला यातल्या बऱ्याच केसेसचे खुनी पाठ आहेत तरी अधूनमधून एखादा एपिसोड लावला जातोच, कारण खरी गंमत आहे ती व्हाइटहेवन मॅन्शन्समधल्या त्या टापटीप फ्लॅटमध्ये चार माणसं एकमेकांना कशी सांभाळून घेतात ते बघण्यात. पॉयरोला नाश्त्याची दोन्ही अंडी एकाच मापाची लागतात, त्याची सेक्रेटरी मिस लेमनचा जीव तिच्या फायलिंगमध्ये अडकलेला, दोस्त हेस्टिंग्जला गाड्या आणि गोल्फ यापलीकडे जग नाही, आणि इन्स्पेक्टर जॅप दरवेळी छातीठोकपणे चुकीच्या माणसावर संशय घेणार.

आता यात गंमत अशी की मूळ गोष्टींत हे चौघं असे कायम एकत्र नसतातच. ख्रिस्तीबाईंनी हेस्टिंग्जला पॉयरोच्या दुसऱ्याच कादंबरीत प्रेमात पाडून अर्जेंटिनाला धाडून दिलं होतं, मिस लेमन तर मोजक्याच ठिकाणी येते. सिरीजवाल्यांनी, म्हणजे निर्माता ब्रायन ईस्टमन आणि लेखक क्लाइव्ह एक्सटन यांनी, जिथे नव्हते तिथेही त्यांना घुसवलं. पुस्तकाला चिकटून राहणाऱ्या लोकांना हे खटकतं, मला विचाराल तर सिरीज टिकली ती यामुळेच, कारण वीस-पंचवीस पानांच्या गोष्टीचा पन्नास मिनिटांचा एपिसोड करायचा तर रहस्याला पाणी घालून चालत नाही, माणसंच भरावी लागतात.

पहिलाच एपिसोड बघा, ८ जानेवारी १९८९चा, क्लॅपमच्या स्वैपाकिणीचा. एक बाई येऊन म्हणते माझी स्वैपाकीण गायब झाली, शोधून द्या. पॉयरोचं नाक वर, असल्या फुटकळ केसेस मी घेत नाही, आणि मग बाई त्याला असं काही झापते की तो मुकाट तयार होतो. पुढे तेच घर त्याला एक गिनीचा (म्हणजे जेमतेम पाउंडभराचा) चेक पाठवून वाटेला लावतं, तेव्हाचा त्याचा चेहरा बघण्यासारखा आहे. एका एपिसोडमध्ये माणूस कळतो, अहंकार, शिस्त, विनोद सगळं.

आणि पॉयरो झालेला डेव्हिड सूशे. १९८९ ते २०१३, सत्तर एपिसोड, पॉयरो एकच. तीच तुरुतुरु चाल, तीच किंचित कललेली मान, आणि राग आला की आवाज चढण्याऐवजी खाली जातो. याच माणसाने १९८५च्या एका टीव्ही सिनेमात पीटर उस्तिनोव्हच्या पॉयरोसमोर जॅपचं काम केलं होतं हे आता खरंच वाटत नाही.

काळ म्हणाल तर जवळजवळ सगळं १९३०च्या दशकात गोठवून ठेवलंय, मूळ गोष्ट कधीची का असेना. सुरुवातीला हे फार छान जमतं, त्या काळच्या आर्ट डेको शैलीतल्या बिल्डिंगा, दिवे, हॅट्स, क्रिस्टोफर गनिंगचं ते सॅक्सोफोनचं म्युझिक (पॉयरोचं घर म्हणून जी बिल्डिंग दाखवतात ती लंडनच्या चार्टरहाउस स्क्वेअरमधली फ्लोरिन कोर्ट, १९३६ची, म्हणजे सेट नाही, खरी). पण 'थर्ड गर्ल'सारखी १९६६ची कादंबरी, जिचा सगळा जीवच तेव्हाच्या तरुण पोरापोरींत आणि त्यांच्याकडे बावचळून बघणाऱ्या म्हाताऱ्या पॉयरोत आहे, ती तीस वर्षं मागे ओढली की उरतं काय, नुसता खून.

२००३पासून गाडी बदलते. एक्सटन आणि ईस्टमन सिरीज सोडून गेले, हेस्टिंग्ज, जॅप आणि मिस लेमनही गेले, जुनी टायटल्स गेली, सगळं गडद आणि गंभीर झालं. मला याचा राग यायला हवा होता पण त्याच बॅचमधला 'फाइव्ह लिटल पिग्ज' हा माझ्या मते सगळ्या सिरीजमधला सगळ्यात भारी एपिसोड आहे. चित्रकाराचा खून, बायको दोषी ठरलेली, आणि बऱ्याच वर्षांनी मुलगी येऊन म्हणते आई निर्दोष होती. पाच माणसं तोच दिवस आपापल्या परीने सांगतात. पुस्तकात बायको तुरुंगात वारते, इथे तिला फाशी होते, एवढ्या एका बदलाने मुलीच्या प्रश्नाला जी धार येते ती बघाच. उलट 'ओरिएंट एक्सप्रेस' (२०१०) बद्दल मी अर्धी अर्धी आहे, शेवटचा निर्णय घेताना पॉयरो पार पिळवटून निघतो ते पटलं, पण त्यासाठी सुरुवातीला इस्तंबूलमध्ये बाईला दगड मारायचा प्रसंग घुसवायची काय गरज होती कळत नाही.

साफ फसलेला म्हणाल तर 'रॉजर अ‍ॅक्रॉइड' (२०००). त्या पुस्तकाची सगळी कमाल ते कसं सांगितलंय यात आहे, कॅमेऱ्यासमोर ती हरवतेच, मग भरपाई म्हणून शेवटी कारखान्यात गोळीबार आणि पळापळ. पुस्तक वाचलं नसेल तर कृपा करून हा एपिसोड आधी बघू नका. 'द बिग फोर' जुनी मंडळी परत भेटतात म्हणून एकदा बघायला हरकत नाही, गोष्टीत काही दम नाही.

नवीन बघणाऱ्यांनी पहिले दोन-तीन सीझन क्रमाने बघावेत, मग 'एबीसी मर्डर्स' (हेस्टिंग्ज दक्षिण अमेरिकेतून भुसा भरलेली मगर घेऊन येतो तो), मग 'पिग्ज', मधलं हवं ते. 'कर्टन', म्हणजे पॉयरोची शेवटची केस, मात्र शेवटीच, मध्ये उत्सुकता म्हणून उघडू नका. शूटिंग मात्र त्याचं शेवटी झालं नव्हतं, ते आधी उरकून सूशेने शेवटचा शॉट 'डेड मॅन्स फॉली'साठी दिला, डेव्हनमधल्या ग्रीनवेला, ख्रिस्तीबाईंच्या स्वतःच्या घरी. आणि सबटायटल्स लावूनच बघा, पॉयरोचं इंग्लिश नीट कळतं, जॅप पुटपुटतो तेव्हा पंचाईत होते.