बँडकॅम्प: स्वतंत्र रॅपरच्या गल्ल्यासाठी

लेबलशिवाय (म्हणजे रेकॉर्ड कंपनीशिवाय) काम करणाऱ्या अमेरिकन रॅपरने पहिलं दुकान बँडकॅम्पवरच, म्हणजे चाहत्यांना थेट संगीत विकता येणाऱ्या या वेबसाइटवरच थाटावं, असं माझं ठाम मत आहे. हिशेब सरळ आहे. डिजिटल विक्रीवर १५ टक्के कमिशन, टी-शर्ट, कॅसेट, व्हाइनलवर १० टक्के. १० डॉलरच्या अल्बममधले दीड डॉलर साइटचे. पेमेंटचं शुल्क वेगळं कापलं जातं. एक डॉलरला एकेक गाणं विकलं तर हेच शुल्क जास्त बोचतं, म्हणून अख्खा अल्बम किंवा ईपी (छोटा अल्बम) विकणं फायद्याचं.

किंमत ठरवताना किमान रक्कम टाका आणि 'जास्त देता येईल' हा पर्याय सुरू ठेवा. चाहते खरंच जास्त देतात. रॅपर निप्सी हसलने २०१३ मध्ये एका मिक्सटेपच्या (स्वतः काढलेल्या गाण्यांच्या संग्रहाच्या) १००० प्रती प्रत्येकी १०० डॉलरला काढल्या होत्या. निष्ठावान श्रोता काय मोजू शकतो, हे तेव्हाच दिसलं.

अपलोड करताना एमपी३ चालत नाही. वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅक अशी दर्जा न घटवणारी फाइलच लागते. मास्टरची (गाण्याच्या अंतिम रेकॉर्डिंगची) २४ बिट वेव्ह चढवा, बाकी फॉरमॅट साइटच बनवते.

सगळ्यात जास्त घोळ सॅम्पलचा, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून घेतलेल्या तुकड्याचा. परवानगी न घेतलेला लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा असा तुकडा) असेल तर हक्कधारकाच्या तक्रारीवर गाणं उतरवलं जातं. बीट (रॅपमागचं तयार संगीत) विकत घेतलं म्हणजे त्यातल्या सॅम्पलचे हक्क मिळाले, असं होत नाही.

उणीव एकच, पण मोठी: इथून गाणी स्पॉटिफाय, ॲपल म्युझिकवर जात नाहीत. त्यासाठी वेगळा डिस्ट्रिब्युटर लागतोच.