बांबूच्या बदलत्या टोकांच्या सर्क्युलर सुया, दीड वर्ष वापरल्यानंतर

सगळ्यात आधी हे सांगते की मी या सुया ज्या कारणासाठी घेतल्या ते कारण कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नसतं. घरात विणायला बसलं की ओळ पूर्ण होईपर्यंत कुणी थांबत नाही, मुलाला गणित अडतं, आई आतून हाक मारते, दार वाजतं, आणि दोन लांब सरळ सुयांवर अर्धी ओळ तशीच टाकून उठलं की परत येईपर्यंत चार टाके निसटलेले असतात आणि त्यातला एखादा पाच-सहा ओळी खाली उतरलेला असतो. मग क्रोशाची सुई घ्या आणि तो एकेक पायरी वर आणत बसा. सर्क्युलर सुई म्हणजे लवचिक केबलने जोडलेली दोन छोटी टोकं, तिच्यावर मी फक्त दोन्ही टोकं पुढे ओढून घेते, टाके मधल्या बारीक केबलवर जाऊन बसतात, विणकाम सोफ्यावर ठेवते आणि उठते. दीड वर्षात उठल्यामुळे सुटलेला टाका एकही नाही. माझ्यासाठी एवढ्यावरच सेट वसूल झालाय, पण बाकीचंही लिहिते कारण घ्यायच्या आधी मला कुणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सेटमध्ये टोकांच्या आठ जोड्या आहेत, ३.५, ४, ४.५, ५, ५.५, ६, ७ आणि ८ मिमी, तीन केबल आहेत ज्या टोकं लावल्यावर ६०, ८० आणि १०० सेंमी होतात, शिवाय केबलच्या टोकाला लावायची बुचं आणि आटे घट्ट करायची छोटी किल्ली. टोक केबलवर फिरवून बसवायचं, किल्ली केबलच्या धातूच्या भागातल्या बारीक भोकात घालून शेवटचा पाव आटा आवळायचा. ही किल्ली आळस न करता वापराच. नुसत्या बोटांनी आवळलं तर विणता विणता मनगटाच्या हालचालीने टोक हळूहळू सैल होतं आणि त्या फटीत लोकर अडकते, माझं पहिल्याच आठवड्यात झालं, फिकट लोकरीचे दोन टाके पार पिंजले गेले. आणि त्याच भोकाचा अजून एक उपयोग आहे जो मला फार आवडतो, त्यात वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवला की विणता विणता तो त्या ओळीतल्या सगळ्या टाक्यांमधून आपोआप जातो, मग पुढे नक्षी चुकली तर बिनधास्त उसवायचं, उसवणं त्या दोऱ्यापाशी येऊन थांबतं. फक्त तेवढी एक ओळ विणताना हात जरा हळू चालवायचा.

नंबरांचा घोळ मात्र समजून घ्या. आई म्हणाली आठ नंबरची सुई दे, मी इंटरनेटवर बघून ५ मिमी दिली, तिने दहा ओळी विणल्या आणि म्हणाली हे जाळीसारखं काय होतंय. तिचा आठ नंबर म्हणजे जुना ब्रिटिश आठ, तो ४ मिमी. अमेरिकन आठ म्हणजे ५ मिमी. वर ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, दहा नंबर म्हणजे ३.२५, आणि अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की सुई जाड. त्यामुळे आता आम्ही घरात फक्त मिमीमध्ये बोलतो. आईनेही जुळवून घेतलं, तिच्या वहीतल्या सगळ्या जुन्या नमुन्यांपुढे तिने पेन्सिलीने मिमी लिहून ठेवलेत.

बांबूबद्दल. हाताला गार लागत नाही, हलका आहे, आवाज जवळजवळ नाही, मूल शेजारी झोपलं असताना विणता येतं. टाका किंचित धरून ठेवतो म्हणून सुती आणि इतर गुळगुळीत धाग्यांसाठी आणि नव्याने शिकणाऱ्यासाठी हाच बरा, धातूच्या सुईवरून टाके सरकन पुढे पळतात आणि नवशिक्याचा जीव घाबरतो. पण ज्यांचा हात मुळात घट्ट आहे त्यांना बांबूवर टाके ढकलत न्यावे लागतील आणि वेगही कमी पडेल. आईचा हात घट्ट. ती अजूनही मधून मधून तिच्या स्टीलच्या सुयांकडे वळते आणि त्यात काही चूक नाही. टोक फार अणकुचीदार नाही, त्यामुळे सैल पिळाची लोकर चिरत नाही, पण तीन टाके एकत्र घ्यायचे असतील तर थोडी झटापट होते.

आता वजनाचं. मोठ्या माणसाचा स्वेटर निम्मा झाला की सरळ सुयांवर सगळा भार एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जात राहतो आणि मनगट भरून येतं. इथे विणलेला भाग केबलवर, म्हणजे मांडीवर पडून राहतो आणि हातात फक्त दोन छोटी टोकं. आईच्या अंगठ्याचा सांधा दुखतो, तिला आधी वीस मिनिटांत खाली ठेवावं लागायचं, आता ती पाऊण तास बसते. आणि कोपरापर्यंत जाणाऱ्या लांब सुया नसल्यामुळे एका सोफ्यावर तिघं बसतो, कुणाच्या बरगडीत काही टोचत नाही.

माप बघायला आधी छोटा तुकडा, म्हणजे नमुना, विणून बघायचा कंटाळा मी एकदाच केला. नवऱ्याच्या स्वेटरसाठी १० सेंमीला २२ टाके येतील असं धरून ९० सेंमी घेराला १९८ टाके घातले, आणि गोल विणत पंधरा सेंमी झाल्यावर मोजलं तर १० सेंमीला २४ टाके येत होते, म्हणजे घेर ८२.५ सेंमी. साडेसात सेंटीमीटर गेले! सगळं उसवलं. पण पुन्हा सुरू करताना केबल तीच ठेवली, फक्त टोकं ४ ऐवजी ४.५ ची लावली, आणि बदलत्या टोकांचा खरा फायदा मला तेव्हा कळला. शिवाय साधी वीण गोल विणली की उलट टाकेच नाहीत, नुसते सुलट, आणि कडेची शिवण नाही. ज्यांचा उलट टाका सैल पडतो त्यांचं माप गोल आणि सपाट विणण्यात वेगळं येतं, म्हणून गोल स्वेटरचा नमुनाही गोलच विणा आणि धुऊन वाळवून मगच मोजा.

मुलाचे स्वेटर मी आता गळ्यापासून खाली विणते. टोकं काढून दोन्हीकडे बुचं लावली की तो तसाच डोक्यातून घालून बघतो, केबल छोटी पडली तर टाके मोठ्या केबलवर घ्यायचे. मुलं आधी लांबीला वाढतात, रुंदीला नंतर. मागच्या वर्षीच्या स्वेटरची खालची पट्टी उसवून, टाके उचलून चार सेंमी वाढवले, दोन संध्याकाळी लागल्या. त्याने घालून हात वर केले आणि पोट उघडं पडतंय का ते तीनदा बघितलं.

आता खटकलेल्या गोष्टी, आणि त्या खऱ्याच खटकल्यात. पहिली, टोकांवर छापलेला आकडा चार-पाच महिन्यांत पुसला जातो. ४ आणि ४.५ डोळ्यांनी वेगळे कळत नाहीत, सुई घालून जाडी बघायची भोकांची मोजपट्टी जवळ हवीच आणि ती या सेटमध्ये नाही. दुसरी, टोकं लांब आहेत त्यामुळे ४० सेंमीची सुई यात होऊच शकत नाही, टोपी किंवा लहान बाही विणायची तर १०० ची केबल मधून लूप काढून वापरावी लागते. जमलं की सोपं आहे, लोकरीचे दोन गुंडे घेऊन दोन्ही बाह्या एकाच सुईवर बरोबर विणता येतात आणि लांबी तंतोतंत सारखी येते, पण नवीन माणसाला पहिले आठ दिवस जड जातं. तिसरी, केबल वेटोळं धरून येते, कडक गरम पाण्यात मिनिटभर बुडवून सरळ ताणून गार होऊ दिली की नीट होते. चौथी, ३.५ चं एक टोक मुलगा त्यावर बसला तेव्हा मोडलं, बारीक बांबू तेवढा नाजूक असणारच, आणि विक्रेत्याकडे सुटं टोक मिळालं नाही, पूर्ण जोडी घ्यावी लागली. याचा एक तारा मी कापलाय.

प्लॅस्टिकच्या कव्हरची चेनही लवकर गेली. त्याच्याऐवजी नवऱ्याने जुन्या जीन्सच्या पायाची गुंडाळी शिवली, आठ कप्पे, मशीनला १०० नंबरची सुई लावून, कारण जीन्सचे चार पदर एकत्र आले की बारीक सुई वाकते. हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, मशीनच्या सुईचा १०० म्हणजे जाडी १ मिमी, ९० म्हणजे ०.९, तिथे सगळं सरळ आहे. आईने प्रत्येक कप्प्यावर साखळी टाक्याने आकडा काढून दिला, तिचा ५ थोडा तिरका झालाय आणि मला तो मुद्दाम तसाच ठेवायचा होता. आता पुसलेल्या आकड्यांचा प्रश्न उरला नाही, फक्त टोक ज्या कप्प्यातून काढलं त्यातच परत जायला हवं.

लोकरीबद्दल एक सांगते, सेटशी थेट संबंध नाही पण उपयोगी पडेल. बाबांचा जुना स्वेटर आम्ही उसवला. उसवण्याआधी आतली शिवण बघा, कडा कापून ओव्हरलॉक केलेली असेल तर सोडून द्या, धागा तुकड्यातुकड्यात येईल. टाक्याला टाका जोडून शिवलेली असेल तर पूर्ण लांब धागा मिळतो. कुरळा झालेला धागा खुर्चीच्या पाठीला लडीसारखा गुंडाळायचा, चार ठिकाणी सैल बांधायचा, कोमट पाण्यात न चोळता भिजवायचा, कारण गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकर घट्ट जमून येते, आणि खाली थोडं वजन लावून टांगायचा. दुसऱ्या दिवशी सरळ होतो. तो राखाडी धागा आता ४.५ च्या टोकांवर मुलाच्या मफलरीत चाललाय, आणि तो स्वतः विणतोय, सगळं सुलट, दिवसाला सहा ओळी.

म्हणजे ८० च्या केबलवर त्याचा मफलर, १०० च्या केबलवर नवऱ्याच्या बाह्या, आणि ६० ची आईने बुचं लावून अडकवून ठेवलीय, तिला बटणपट्टीचा रंग ठरवायचाय. पाचातले चार तारे, आणि घेणार असाल तर जास्तीची एक केबल बरोबरच मागवा, मी आज मागवली.