मॉरिशस: पूर्व की पश्चिम, आणि कशाला किती वेळ द्यायचा?

मॉरिशसचं पॅकेज घेताना बहुतेक जण हॉटेलचे तारे आणि नाश्ता-जेवणाचा हिशेब आधी बघतात. बेट लहान, उत्तर-दक्षिण जेमतेम 65 किलोमीटर, तेव्हा कुठेही राहिलं तरी सगळं हाताशीच असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात रस्ते गावागावांतून आणि उसाच्या शेतांतून वळसे घेत जातात. मधल्या पठारावर पाऊस कोसळत असताना किनाऱ्यावर लख्ख ऊन असतं. शिवाय एकाच दिवशी पूर्वेचा समुद्र एक रूप दाखवतो आणि पश्चिमेचा दुसरंच. म्हणून आधी किनारा ठरवा आणि मग हॉटेल.

किनारा ठरवताना वाऱ्याकडे बघा. बेटावर आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात आणि जून ते सप्टेंबर, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, ते जास्त जोरात वाहतात. पूर्वेचा बेल मार, त्रू दो दूस हा भाग त्यांच्या थेट तोंडावर आहे. पश्चिमेच्या फ्लिक आं फ्लाक, तामारिन या पट्ट्याला मधल्या डोंगरांचा आडोसा मिळतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये लहान मुलांना किंवा आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी पूर्व टाळलेली बरी. पाणी थंड लागतं आणि वारा संध्याकाळी बाहेर बसू देत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मात्र हा फरक बराच कमी होतो आणि पूर्वेचं लांबलचक पांढरं पुळण खरंच सुरेख दिसतं. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ असल्यामुळे तेव्हा स्वस्तात मिळालं तरी दोनदा विचार करा.

पूर्वेचं मुख्य आकर्षण म्हणजे इल ओ सेर्फ हे छोटं बेट. त्रू दो दूसहून बोट सुटते. स्पीडबोटीच्या सहलीत वाटेत ग्रांद रिव्हिएर नदीच्या मुखाजवळचा धबधबा दाखवतात, पॅरासेलिंग होतं, दुपारी बार्बेक्यूचं जेवण मिळतं. खाडीतलं पाणी इतकं नितळ आहे की उथळ जागी बोटीची सावली तळाच्या वाळूवर दिसते. गर्दी मात्र तितकीच असते. पॅरासेलिंग आपल्या तारकर्लीलाही होतं, तेव्हा पैसे हात राखून खर्च करायचे असतील तर सगळ्यात आधी मी त्याच्यावर काट मारेन.

पश्चिमेला एका मुक्कामात जास्त गोष्टी साधतात. शामारेलची सात रंगांची माती आणि धबधबा, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं राष्ट्रीय उद्यान, मुलांसाठी कासेला हे प्राणी उद्यान, हे सगळं जवळ आहे आणि सूर्यास्त समोर समुद्रात होतो. ल मॉर्नचा 556 मीटरचा कडा चढायचा असेल तर पहाटे निघा. खालची वाट सोपी आहे, पण वरच्या टप्प्यात हाताने खडक धरून चढावं लागतं. गुलामगिरीतून पळालेली माणसं याच कड्यावर लपून राहत होती. 2008 साली तो जागतिक वारसा यादीत आला. चढाईला निघण्याआधी हे ठाऊक असेल तर वरून दिसणारी निळाई वेगळीच भिडते.

पश्चिमेची सर्वांत जास्त खपणारी सहल डॉल्फिनची, आणि तिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. स्पिनर डॉल्फिन रात्री खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी तामारिनच्या उपसागरात विसाव्याला येतात. नेमक्या त्याच वेळी बोटी पोचतात. कळप दिसला की बोट वेगाने पुढे जाऊन आडवी होते, पर्यटक धपाधप उड्या टाकतात आणि कळप बुडी मारून पुढे निघतो. मग बोटी पुन्हा त्याच्या पुढे. त्यांची झोपेची वेळ आपण अशी हिरावून घेऊ नये. अंतर राखणारा, इंजिन मंद ठेवणारा बोटवाला मिळत असेल तरच जा आणि बोटीतूनच बघा. डॉल्फिन आपणहून पाण्याबाहेर गिरकी घेतो, ते वरूनच जास्त चांगलं दिसतं.

उत्तरेचं ग्रां बे दुकानं, हॉटेलं आणि रात्रीची वर्दळ हवी असणाऱ्या तरुण मंडळींना आवडेल. कॅटामरानने, म्हणजे जोडतळाच्या बोटीने, उत्तरेच्या बेटांवर जाऊन येता येतं आणि पांप्लेमूसची बाग जवळ पडते. विमानतळ मात्र बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तासाहून अधिक अंतरावर.

आता ज्या कोपऱ्याला पॅकेजवाले सहसा वगळतात तो आग्नेय भाग, माहेबूर आणि ब्लू बे. विमानतळापासून पंधरा-वीस मिनिटांवर. ब्लू बेच्या सागरी उद्यानात काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतात, पोहता न येणाऱ्यांनाही. आणि समोरच इल ओझ एग्रेत हे 26 हेक्टरचं राखीव बेट आहे. इथे वाटाड्याबरोबरच फिरावं लागतं, दीड-दोन तास. आबनुसाचं मूळचं किनारी रान इथे शिल्लक आहे, वाटेत महाकाय कासवं चरत असतात. वाटाड्या हळूच थांबतो आणि फांदीवर बोट दाखवतो. तिथे फिकट गुलाबी छातीचं, पायात रंगीत कडी असलेलं कबूतर बसलेलं असतं. हे गुलाबी कबूतर जगात फक्त मॉरिशसमध्ये आहे. 1990च्या सुमारास रानात त्यांची संख्या जेमतेम दहा-बारा उरली होती, आज ती शेकड्यांत आहे. 2020 मध्ये वाकाशिओ जहाज जवळच प्रवाळात रुतून तेल सांडलं, तेव्हा स्थानिक लोकांनी कापडात उसाचं पाचट भरून तरंगते बांध शिवले आणि तेल अडवलं. डोडो गमावलेल्या देशाने हे राखलं आहे. इल ओ सेर्फ आणि हे बेट यांतलं एकच जमणार असेल, तर दहा वर्षांखालची मुलं बरोबर असल्यास पहिलं, नाहीतर निःसंकोच दुसरं निवडा.

राजधानी पोर्ट लुईच्या दिवसात कोदां या बंदरकाठच्या बाजारातली खरेदी एक तासात आटपा आणि आप्रवासी घाटाला वेळ द्या. 1834 पासून करारबद्ध मजूर इथे उतरले, त्यांत कोकणातून गेलेली मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांनी गणपती इतका जपला की गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. शाकाहाऱ्यांनी बाजारातल्या गाडीवरची दालपुरी जरूर खावी. दोन मऊ पुऱ्या एकावर एक, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा, मिरचीचा ठेचा, आणि कागदात गुंडाळून हातात. हॉटेलात सगळी जेवणं आधीच भरलेली असली की हे नेमकं राहून जातं. म्हणून पॅकेज फक्त नाश्ता आणि रात्रीच्या जेवणाचं घ्या.

पहिल्यांदाच सहकुटुंब जात असाल तर चार रात्री पश्चिमेला आणि परतीच्या आधी दोन रात्री ब्लू बेजवळ. नवविवाहितांना दिवाळीनंतर जायचं असेल आणि निवांतपणा हवा असेल तर पश्चिमेऐवजी पूर्व घ्या, शेवटच्या दोन रात्री मात्र तशाच ठेवा. प्रवाळावर चालायचे रबरी बूट घरूनच न्या, कारण पाण्यात साळसूद दिसणाऱ्या दगडांत सागरी साळिंदर, म्हणजे काटेरी सी-अर्चिन, लपलेले असतात.