एअर प्युरिफायर की एक्झॉस्ट फॅन? ठाणे-नवी मुंबईतल्या फ्लॅटसाठी आधी काय घ्यावं

घोडबंदर रोडची धूळ किंवा तळोजा एमआयडीसीकडून येणारा वास नकोसा झाला की पहिला विचार प्युरिफायरचा येतो. पण फोडणीचा धूर, उदबत्ती, मच्छर कॉइल, पावसाळ्यातली ओल हे सगळं घरातलंच असतं. घरातलं बाहेर फेकायला पंखा हवा, बाहेरून येणारं गाळायला प्युरिफायर. एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही.

एक्झॉस्ट आणि चिमणी: आमच्या मते बहुतेक घरांत पहिला खर्च इथे व्हावा. ९ इंची पंखा गॅस पेटवण्याआधी लावा आणि स्वयंपाक झाल्यावरही १०-१५ मिनिटं चालू ठेवा. हमखास होणारी चूक म्हणजे पंख्याशेजारचीच खिडकी उघडी ठेवणं. मग पंखा त्या खिडकीतली हवा ओढून परत बाहेर टाकतो आणि ओट्यावरचा धूर हॉलमध्ये शिरतो. ती खिडकी लावून घ्या, हॉलची थोडी उघडा. चिमणी घ्यायची तर ६ इंची पाइप बाहेरपर्यंत न्या, वळणं कमीत कमी ठेवा. प्रत्येक वळणाला ओढ घटते. विनापाइपची चिमणी तेलकटपणा अडवते, पण वाफ आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड घरातच राहतो. सोसायटी भिंतीला भोक पाडू देत नसेल, तर विनापाइपच्या चिमणीपेक्षा खिडकीतला पंखा बरा.

प्युरिफायर: घर हमरस्त्यालगत असेल, शेजारी बांधकाम चालू असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर जरूर घ्या; बेडरूमपासून सुरुवात करा. १०×१२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३२ घनमीटर हवा. ती तासाला ५ वेळा गाळायची तर सीएडीआर (मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा) १६० हवा. हा आकडा सर्वात वेगवान सेटिंगचा असतो आणि रात्री आवाजामुळे वेग कमी ठेवला जातो, म्हणून २५० ते ३०० चं मशीन घ्या. खिडक्या बंद हव्यात. वासासाठी कार्बन फिल्टर जाड लागतो, पातळ काळी जाळी लवकर निकामी होते. ओझोन सोडणारं मॉडेल टाळा. स्वयंपाकघरात ठेवू नका, तेलाने हेपा (बारीक कण अडवणारा) फिल्टर चोंदतो. खरेदीआधी बदली फिल्टरची किंमत विचारा. खरा खर्च तोच.

ओल आणि गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड यांवर प्युरिफायरचा काही उपयोग नाही. ओलीसाठी गळती काढा, बाथरूमला पंखा बसवा, एसी असेल तर ड्राय मोडवर चालवा. गॅस गिझर मात्र बंद बाथरूममध्ये ठेवूच नका.